दिवस मावळायच्या आत

अंगुरीबाईंनी डाळ निवडायचं सूप बाजूला सरकवलं आणि त्या दुकानाच्या मधल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बाहेर गल्ल्याजवळच्या खुर्चीवर ती बाई बसली होती आणि अंगुरीबाईंचे यजमान हीरालाल तिच्या प्रश्नांना उत्तरं देत होते.

रंजीता राठोड तिचं नाव. हैदराबादच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायची. मूळची मानोऱ्याकडच्या तांड्यातली. आईवडील ऊसतोडीला गेले की आपण आजीजवळ राहायचो, हे तिनेच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. कोण गाव सोडतं, कुठे जातं, आणि गेल्यावर त्याच्या देवाधर्माचं, सणावारांचं, शेजारपाजाऱ्यांचं काय होतं, यावर ती पुस्तक लिहीत होती. आपल्याच मुलखातली पोर इतकी शिकली म्हणून हीरालालना तिचं कौतुक वाटलं होतं.

"शेठजी, मेडशी काहून सोडलं तुमी?"

"धंदा. अन् पोरायचं शिक्षण. मालेगाव म्हणजे तालुक्याची जागा. जैन मंदिर जवळ पडते."

"पोरं आता कुठं असतात?"

"अर्हम बंगलोरले हाये. कंपनीत."

"अन्?"

हीरालालनी काट्यावरचं रिकामं ताट उचललं, उपरण्याच्या टोकाने पुसलं, परत जागेवर ठेवलं.

"बस. अर्हम."

रंजीताने पुढे काही विचारलं नाही. अंगुरीबाई आत वळल्या आणि पुन्हा डाळीत बोटं फिरवू लागल्या. खडे दिसत नव्हते.

लेकीचं, कृतिकाचं नाव या घरात उच्चारलं गेल्याला पाच वर्षं होत आली होती. अमरावतीच्या कॉलेजात तिची आणि रवीची ओळख झाली. रवी मेडशीचाच, भीमनगरातल्या देवमनचा मुलगा. विहाराच्या मागे त्यांचं घर. दोघांनी पुण्यात नोकऱ्या धरल्या आणि तिथेच कोर्टात लग्न केलं. हीरालाल तेव्हा एकदाच म्हणाले होते, "तिचं नाव आता काढाचं नाई." दुसऱ्यांदा सांगायची वेळ कुणी त्यांच्यावर आणली नाही. कृतिकाचा कॉलेजातला एक जुना चष्मा तेवढा अंगुरीबाईंनी ओट्याखालच्या डब्यात ठेवला होता. दुपारी घरात कुणी नसलं की त्या तो काढायच्या, पदराने काचा पुसायच्या आणि ठेवून द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी हीरालाल बाजार समितीत गेले असताना रंजीता पुन्हा आली. बायकांशी तिला वेगळं बोलायचं असायचं.

"गाव सोडलं तेव्हा सोबत काय काय आणलं, काकू?"

अंगुरीबाईंनी सांगितलं: पाटा आणला, तुळशीएवढं लिंबाचं रोप आणलं, ते जगलं नाही. मग त्या थांबल्या.

"तुमी मेडशीले जाता म्हणे."

"हो. मागच्या आठवड्यात गेले होते. उद्या परत जायचंय."

"भीमनगरात बी?"

"तिथंही."

"कोणाच्या घरी गेल्या होत्या?"

रंजीताने पेन बंद केलं. "काकू, इथलं तिथं अन् तिथलं इथं मी सांगत नाही. तुमचंही कोणाले सांगणार नाही."

अंगुरीबाईंनी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मले घेऊन चाला उद्या. आमचं जुनं घर पाहाचं हाये."

रंजीताला ते आवडलं. गाव सोडलेलं माणूस त्या गावात परत कसं चालतं, कुठे थांबतं, कुणाशी बोलतं, हे पाहायला मिळणं तिच्या कामाचंच होतं. पण होकार देताना तिने अंगुरीबाईंकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुपारच्या एसटीने त्या निघाल्या. सोयाबीन निघून गेलं होतं, रान उघडं पडलं होतं. मधूनमधून तूर तेवढी पिवळ्या फुलांनी भरून उभी होती. मेडशीत उतरल्यावर अंगुरीबाई जुन्या घरासमोर थांबल्या. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी ते एकदा पाहिलं.

"आत जायचं का?" रंजीताने विचारलं.

"नाई. झालं पाहून."

आणि त्या चालू लागल्या. शाळेवरून, पाण्याच्या टाकीवरून, डावीकडे. त्यांना वाट विचारावी लागली नाही. निळा झेंडा दिसला, विहाराचा पांढरा कळस दिसला, तशी त्यांची चाल मंदावली. रंजीताने खांद्यावरच्या पिशवीतला रेकॉर्डर चाचपला आणि चेन लावून टाकली.

रवीची आई भागिरथाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. आधी त्यांना रंजीता दिसली, म्हणून हसल्या. मग मागे कोण आहे ते कळलं आणि हसू थांबलं.

"शेठानीबाई," त्या म्हणाल्या. "या म्हणू का नको म्हणू, समजून नाई राह्यलं."

"बसू द्या घडीभर," अंगुरीबाई म्हणाल्या.

भागिरथाबाईंनी चटई टाकली. पाणी आणलं नाही. रंजीता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भागिरथाबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

"देवमनभाऊ गेल्याचं समजलं होतं," अंगुरीबाई म्हणाल्या.

"दोन वर्स झाले. रवी आला होता. एकटाच. माती दिली अन् त्याच रातच्या गाडीनं गेला." भागिरथाबाईंनी टोपलीतून पुढची शेंग उचलली. "लग्न झाल्यावर दोघं आले होते ना घरी, तवा तुमचे दीर आले गाड्या घेऊन. दहाबारा जणं. या ओट्यावर उभे राह्यले. माह्या माणसानं हात जोडले त्यायले. तवापासून पोराले सांगून देल्लं, बाबू, तू येऊ नको इकडं."

अंगुरीबाईंना त्या संध्याकाळी सांगण्यात आलं होतं की सगळे समजवायला गेले आहेत. परत आल्यावर कुणी काही बोललं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"तुमची पोरगी गेली म्हणता तुमी," भागिरथाबाई म्हणाल्या. "माहा पोरगा बी गेला."

अंगुरीबाईंनी टोपली आपल्याकडे ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या. भागिरथाबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, पण टोपली परत घेतली नाही.

ऊन विहाराच्या भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा भागिरथाबाई उठल्या, आतून फोन घेऊन आल्या आणि तांब्याला टेकवून ठेवला.

"आता येते तिचा. रोज याच टायमाले येते."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? सुनेचा." त्या बसल्या. "ऑफिसातून आली का पयले जेवून घेते, मंग फोन लावते. दिवस मावळाच्या आत. माह्या घरची सून होऊन पाच वर्स झाले, पण तिचं ते काही सुटलं नाई. चतुर्दशीले रवीच्या डब्यात कांदा देत नाई. रविवारी विहारात बी जाते त्याच्यासंगं."

चौकटीजवळ रंजीताने मान खाली घातली. हेच ऐकायला ती कितीतरी घरं फिरली होती. आत्ता तिला ते लिहून घ्यावंसं वाटत नव्हतं.

फोन वाजला. अंगुरीबाई चटकन भिंतीकडे सरकल्या, पडद्यावर दिसणार नाही अशा. तिथून त्यांना तिरपा उजेड आणि कधी कपाळ, कधी केस दिसत होते. केस कापलेले होते.

"माय, जेवली का?" कृतिका म्हणाली.

आवाज तोच होता. 'माय' मात्र नवीन होतं. घरी ती मम्मी म्हणायची.

"आता कुठं? शेंगा सोलून राह्यली. दीपू कुठं हाये?"

"ते काय, सोफ्यावरून उड्या मारते. दीपू, आजीले दाखव नवीन फ्रॉक."

पडद्यावरून काहीतरी पिवळं झपकन गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. हसण्याचा आवाज आला, खोकल्यासारखा, दम लागलेला. अंगुरीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी भागिरथाबाईंकडे पाहिलं. भागिरथाबाईंनी नुसती मान हलवली, हो म्हणून.

"भीमजयंतीले येता का औंदा?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"पाहू, माय. रवी म्हणते पाहू." मग कृतिका म्हणाली, "कोण हाये तिथं? बांगड्या वाजल्या."

भागिरथाबाईंनी नजर उचलली. ती नजर अंगुरीबाईंवर थांबली आणि थांबूनच राहिली. उत्तर त्यांनी त्यांच्यावर सोडलं होतं. अंगुरीबाईंचे ओठ हलले. त्यांनी मान हलवली. नाही.

"त्या मॅडम हायेत, सर्व्हेवाल्या," भागिरथाबाई म्हणाल्या. "दुसरं कोणी नाई."

फोन बंद झाल्यावर त्यांनी तो पालथा ठेवला.

"मी रोज पंचशील म्हणते, शेठानीबाई. सुनेसंगं कधी खोटं नाई बोलली. आज तुमच्यापायी बोलली. पुढल्या वेळेले नाई बोलणार."

अंगुरीबाई उठल्या. पदर सारखा केला. ओट्याच्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"धम्मदीपा."

"धम्मदीपा," अंगुरीबाईंनी म्हणून पाहिलं. जोडाक्षरावर जीभ अडखळली, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं.

एसटीत दोघी शेजारी बसल्या होत्या. रंजीता म्हणाली, "काकू, आजचं मी पुस्तकात घेणार नाही."

"घ्या," अंगुरीबाई म्हणाल्या, खिडकीबाहेर पाहत. "आमचं नाव नका घालू. पण घ्या."

मालेगावला उतरल्या तेव्हा दिवे लागले होते. हीरालाल दुकानासमोरची पोती आत घेत होते. रंजीताने दोघांना नमस्कार केला आणि ती लॉजकडे गेली. अंगुरीबाई फळीवर बसल्या. पाय दुखत होते.

"कुठं गेली होती?"

"मेडशीले."

"घर पाहाले?"

"देवमनच्या घरी."

हीरालालच्या हातातलं पोतं अर्धवट उचललेलं होतं. ते त्यांनी सावकाश खाली टेकवलं. समोरच्या रस्त्यावरून वाशीमची गाडी गेली, तिचा धुरळा खाली बसला. त्यांनी शटरचा हूक घेतला, वर अडकवला, पण ओढला नाही. पाठ अंगुरीबाईंकडेच होती.

त्या वाट पाहत राहिल्या. आवाज चढेल, नाहीतर शटर आपटून ते आत निघून जातील, असं त्यांना वाटलं. त्यासाठी त्यांनी मन घट्ट करून ठेवलं होतं.

"चालाले लागली का पोरगी?" हीरालालनी विचारलं.

अंगुरीबाईंनी मान वर केली. लेकराबद्दल त्या अजून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. असं लेकरू आहे, हे त्यांना स्वतःलाच दिवस मावळताना कळलं होतं.

हूक धरलेला हीरालालचा हात हलत नव्हता. सदरा खांद्यावर विरला होता. हे अंगुरीबाईंच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"पळते," त्या म्हणाल्या.