किल्ल्यातली खोली

माझ्या नवऱ्याचा एक नियम होता: आधी बोलून दाखव, मग फासा टाक.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला जायचा. आपण प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, योद्धा, जादूगार, जे आवडेल ते. गोष्ट पुढे न्यायची नवऱ्यानं. राजा, राक्षस, दारावरचा पहारेकरी, सगळी सोंगं त्याचीच. पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. मी बुटकी कुऱ्हाडवाली होते. नोकरीत दिवसभर तक्रारींचे फोन घ्यायचे, लोकांच्या शिव्या खाऊन गोड बोलायचं, म्हणून मी माझ्या बुटकीच्या ‘बोलणी’ या कौशल्याला मुद्दाम शून्य गुण दिले होते. तिनं फक्त हाणायचं. मला खरी कुऱ्हाड उचलता येते का, हे कधी कुणी विचारलं नाही. फासा टाकला, मुंडकं उडालं, विषय संपला.

माझ्या धाकट्या भावानं मात्र सगळे गुण बोलणीला दिले. त्याचं पात्र राजाचा दूत. आणि हा पठ्ठ्या तोतरा. लिफ्ट दुरुस्त करतो, यंत्रांशी त्याचं झकास जमतं, पण माणूस समोर आला की पहिलंच अक्षर घशात अडकतं. नवऱ्यानं त्याचं नाव ‘बफरिंग’ ठेवलं होतं.

तो नियम त्याच्यासाठीच निघाला. दूताला पहारेकऱ्याची समजूत घालायची असली की नवरा हाताची घडी घालून मागे टेकायचा. ‘काय म्हणतोस ते म्हणून दाखव की.’ भाऊ प-प-पहारेकरी करत राहायचा, जादूगार झालेला नवऱ्याचा मित्र, दातांचा डॉक्टर, पोट धरून हसायचा, आणि नवरा म्हणायचा, ‘पहारेकरी कंटाळला. पुढचा.’ फासा भावाच्या मुठीतच राहायचा. आग लागो असल्या नियमाला. मी भांडून पाहिलं. पण नवरा गाद्यांच्या शोरूममधला सेल्समन, ज्याची पाठ दुखत नाही त्यालाही पाठदुखीची गादी विकतो. त्याच्यापुढे माझी काय डाळ शिजणार.

भावानं हट्ट सोडला नाही. दुरुस्तीला काढलेल्या लिफ्टमध्ये दार लावून तो एकटाच दूताची भाषणं करायचा. आणि त्याला सापडलं: आवाज जरा खाली आणला, सावकाश बोललं, आणि ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हटलं, की अडकत नाही. दूत अडखळत नाही. हे त्यानं फक्त मला सांगितलं, तेही तोतरेपणानंच.

आई गेल्यापासून तो आमच्या मागच्या खोलीत राहत होता. घर नवऱ्याचं, त्याच्या वडिलांकडून आलेलं. एकदा मी भांडी घासत असताना नवरा म्हणाला, ‘त्याला दुसरीकडे जागा बघायला सांग. ती खोली मला खेळासाठी हवी आहे. दर वेळी टेबल आवरायचा वैताग आलाय.’ मी म्हटलं, मी नाही सांगणार. ‘बरं,’ हा म्हणाला, ‘मग रविवारी मीच सांगतो.’

रविवारी राजा सिंहासनावर बसला. ‘दूता, किल्ल्यात जागा नाही. महिनाअखेरीस तुझी सोय दुसरीकडे बघ.’ राजे लोकांना कधीपासून महिनाअखेर लागायला लागली? टेबलाभोवती सगळ्यांना समजलं. भावाचे कान लाल झाले. नवरा हाताची घडी घालून मागे टेकला. ‘राहायचं असेल तर राजाला पटव. बोलून दाखव.’

भाऊ उभा राहिला.

‘महाराज,’ तो म्हणाला, ‘आम्ही मागच्या बुरुजावर राहतो. खोली लहान आहे. सकाळी तिथं आमच्या बहिणीच्या कपबश्यांचा आवाज येतो. आई गेल्यापासून आम्ही त्या आवाजावर उठतो. दुसरीकडे आम्हाला झोप लागेल, पण उठावंसं वाटणार नाही. आमच्या बोलण्याचा त्रास होत असेल, तर आम्ही गप्प राहू. तेवढं आम्हाला छान येतं.’

एकही अक्षर अडकलं नाही. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. मला रडू आवरेना.

‘टाक फासा,’ नवरा म्हणाला. वीस पडले. त्याहून मोठं दान नसतंच.

‘राजाला पटलं,’ नवरा म्हणाला. ‘राजा आहे तोवर दूत किल्ल्यात राहील. शब्द दिला.’

माझा भोळा भाऊ. त्या आठवड्यात त्यानं खोलीच्या दाराची बिजागरी बदलली, खिडकीशेजारी सामान ठेवायला फळी ठोकली, गुणगुणत कामाला गेला. मीही खुळी, मीसुद्धा निर्धास्त झाले.

महिनाअखेरीस नवरा शोरूममधले रिकामे खोके घेऊन आला.

‘भ-भाऊजी, र-र-राजानं...’

‘अरे, तो खेळ होता,’ नवरा शांतपणे म्हणाला. ‘लहान आहेस का तू?’

‘शब्द दिला होतास,’ मी ओरडले.

‘राजानं दिला होता. राजा पाळतोय. दूत आहेच की किल्ल्यात.’

भावानं आवाज खाली आणला. ‘आम्ही...’

‘ते इथं नको,’ नवरा म्हणाला. ‘नीट बोल.’

नीट त्याला बोलता आलं नाही. खोके त्यानंच भरले.

आता खेळ त्या खोलीत होतो. पलंगाचे पाय जिथं होते तिथं फरशीवर अजून डाग आहेत. दूताचं पात्र नवरा चालवतो. म-म-महाराज करत त्याला दरबारात नाचवतो, आणि डॉक्टर पोट धरून हसतो. एकदा मी फासा उचलून म्हटलं, बुटकी राजाच्या मानेवर कुऱ्हाड घालते. ‘राजा शिकारीला गेलाय,’ नवरा म्हणाला, ‘पुढचा.’ मी खेळ सोडत नाही. सोडला तर दूत तिथं एकटाच पडेल.

भाऊ बस डेपोमागे एका खोलीत राहतो, लिफ्टवाल्या आणखी पोरांबरोबर. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा पलंगावर बसला होता, दाढी वाढलेली. दुपार होती तरी नुकताच उठला होता. मी आणलेला डबा त्याच्यासमोर ठेवला. मग त्यानं आवाज खाली आणला.

‘ताई, आमचा दूत कसा आहे? राजानं शब्द पाळला ना?’

एकही अक्षर अडकलं नाही.

‘पाळला,’ मी म्हटलं. ‘तुझ्याच खोलीत आहे.’