किटली लागली की थांबायचं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बालमित्रांनो. पुढे हसू येईलच याची मी हमी देत नाही.

मी एका जुन्या गाडीचा डॅशबोर्ड आहे. अख्खी गाडी नाही, नुसता डॅशबोर्ड. चाकं गेली, दारं गेली, मागची सीट कुणीतरी दुकानासमोर बाकडं म्हणून नेली. मी तेवढा उरलोय. मागून आतड्यांसारख्या वायरी लोंबतायत आणि मी एका टेबलावर पडलोय. बसलोय म्हणा. म्हातारपणी तेवढा तरी मान द्या.

माझा जन्म म्हणजे गरम प्लॅस्टिक, एक साचा आणि धप्पकन आवाज. मग बारीक बोटांच्या एका मुलीने माझ्यात काटे बसवले. मोठा काटा वेगाचा, छोटा पेट्रोलचा, तिसरा इंजिन किती तापलंय ते सांगणारा. खाली छोट्या दिव्यांची ओळ. हँडब्रेक ओढलेला राहिला की एक लागतो, बॅटरी रुसली की दुसरा. आणि एक लाल दिवा, त्यावर लांब चोचीचं एक भांडं काढलेलं, चोचीतून एक थेंब टपकतोय. मशीनला तेल घालायचं जुनं भांडं आहे ते. तो दिवा म्हणतो, इंजिनातलं ऑइल संपत आलंय, आहे तिथे थांब, नाहीतर मेलास.

पण दिसतं कसं ते चित्र? थेट चहाच्या किटलीसारखं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

मला घेतलं एका चष्मेवाल्याने. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याला मी अरे-तुरे करतो, कारण अठरा वर्षं त्याचं पोट माझ्या स्टेअरिंगला घासत होतं. इतकी सलगी झाल्यावर कसलं अहो-जाहो! माणूस एक नंबरचा खोडकर. चष्मा लावायला आलेल्या म्हाताऱ्यांना तो अक्षरांच्या तक्त्याऐवजी दुकानाचा भाडेकरार दाखवायचा आणि म्हणायचा, "आजोबा, बारीक अक्षरं वाचा. मालकाने काय लबाडी केलीय ते मलाच दिसत नाहीये."

त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. म्हणून नवराही म्हणायचा, "काय बाई, आज गृहपाठ जास्त दिलात का?" बेचाळिसाव्या वर्षी बाईंनी ठरवलं की गाडी शिकायची. पहिल्याच दिवशी उजवीकडे वळायचं होतं, त्यांनी इंडिकेटरची दांडी समजून वायपरची ओढली. रणरणतं ऊन, कोरडी काच, आणि वायपर करकर करतायत. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर झोपलाच. चष्मेवाला शेजारून शांतपणे म्हणाला, "वळा बाई, वळा. पाऊस थांबलाय."

"चेष्टा पुरे," बाई म्हणाल्या. "आधी मला हे दिवे समजावून सांगा. हा कसला?"

बोट नेमकं त्या भांड्यावर.

"ती किटली."

"गाडीत किटली?"

"मग! लांबचे प्रवास असतात. ड्रायव्हरची चहाची वेळ झाली की लागते. किटली लागली की थांबायचं. नियमच आहे तसा."

"आणि मघाशी किल्ली फिरवली तेव्हा लागली ती?"

"ती विचारते, घरून चहा घेऊन निघालात ना?"

चेहरा असा ठेवला होता पठ्ठ्याने, की क्षणभर मलाच वाटलं, असेल बुवा किटली! आणि बाई, ज्या शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं फळ्याकडे तोंड करून ओळखायच्या, त्यांनी मान डोलावली. खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. मीही मजा घेतली. ते माझ्या खात्यात लिहून ठेवा.

खोटं सांगायला वेळ लागत नाही, पण ते मागे घ्यायला मुहूर्त सापडत नाही. माझ्या इंजिनाला ऑइल पिण्याची सवय होती. वर्षातून दोन-तीनदा तरी किटली लागायची. बाई चालवत असल्या की लगेच गाडी कडेला. "अहो, किटली लागली!" मग थर्मास निघायचा, दोन कप निघायचे. बाईंच्या हातात कप देऊन चष्मेवाला म्हणायचा, "तुम्ही प्या, मी जरा इंजिनाला वारा घालतो." बॉनेट वर. त्याच्या आड तो डिकीतल्या कॅनमधलं ऑइल ओतायचा, हात पुसायचा आणि परत येऊन थंडगार चहा प्यायचा. बाई म्हणायच्या, "या पुरुषांना बॉनेट दिसलं की त्यात तोंड घातल्याशिवाय राहवत नाही." मागच्या सीटवर त्यांची मुलगी बिस्किटं खात बसलेली. तिनेही किटली खरीच धरली.

बघा ना मित्रांनो, थट्टा असली तरी काम चोख चाललं होतं. दिवा लागायचा, गाडी थांबायची, ऑइल पडायचं. चष्मेवाला होता तोवर त्या थापेने कुणाचं वाकडं झालं नाही.

मुलगी मोठी झाली, चार तासांवरच्या शहरात नोकरीला लागली. पहिल्या पगारात तिने माझ्या छातीतला रेडिओ उपटून तिथे मोठा पडदा बसवला. बोट लावलं की गाणी, बोट लावलं की नकाशा, फोनही त्यातूनच. आला तसा हा पडदा मांडवातल्या जावयासारखा मिरवायला लागला. माझे काटे त्याच्यापुढे काय? सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे. चष्मेवाल्याने त्याला आपला फोन जोडला आणि नाव टाकलं 'चष्मेवाला'. गाडी सुरू झाली की पडद्यावर यायचं, 'चष्मेवाला जोडला गेला.' मग नकाशातली बाई सांगायची, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा," आणि चष्मेवाला तिला विचारायचा, "का म्हणून?" बाई हसून हसून ब्रेक दाबायच्या.

मग त्याला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. आता बाईच चालवायच्या. तो डावीकडे बसायचा आणि माझ्या एसीच्या जाळ्या सगळ्या स्वतःच्या तोंडाकडे फिरवायचा.

शेवटच्या वेळी दवाखान्यात जाताना त्याने माझ्या कप्प्याच्या झाकणावर बोट आपटलं. काही सांगायचं असलं की तो असंच करायचा.

"बाई, ऐका ना. ती किटली आहे ना..."

"लागलीय का? नाही ना? मग बोलू नका. दम लागतो तुम्हाला."

"अहो, पण ती..."

"आल्यावर सांगा. आल्यावर सगळं ऐकते."

तो हसला. म्हणाला, "बरं. आल्यावर."

तो आला नाही. नवव्या दिवशी त्याचा चष्मा आणि बंद फोन बाईंनी माझ्या कप्प्यात ठेवला, झाकण लावलं, आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

त्यानंतर रोज तेच. गाडी सुरू केली की पडद्यावर अक्षरं यायची, 'चष्मेवाला शोधत आहे.' एक गोल फिरायचा. फिरायचा, फिरायचा. मग 'सापडला नाही.' बाई तोवर गिअर टाकायच्या नाहीत. सिग्नलला थांबावं तशा थांबायच्या. एकदा मुलगी आली होती, तिला ते बघवेना. "आई, बाबांचा फोन काढून टाकू का यातून? दोन बटणांचं काम आहे."

"राहू दे गं. शोधतोय बिचारा."

मुलगी म्हणाली, गाडी विकून टाक, जुनी झालीय, मी तुला नवी घेऊन देते. बाईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "घरात मी एकटी असते. हिच्यात बसले की डावीकडे कुणीतरी असतं. ही गेली की ते पण जाणार." झालं. पुढे विषय निघाला नाही. मी मनात म्हटलं, काळजी करू नका बाई, मी आहे. डॅशबोर्डला बोलता येत नाही हे तेव्हा मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

आणि बॉनेट आता कुणीच उघडत नव्हतं.

सात महिन्यांनी बाई पहिल्यांदाच एकट्या मुलीकडे निघाल्या. सकाळची वेळ, लख्ख उजेड. दोन तास छान गेले. मग चढाचा रस्ता आला. एका वळणावर माझा लाल दिवा लुकलुकला. पुढच्या वळणावर लागला तो लागलाच. मी जेवढं पेटता येतं तेवढा पेटलो. पण मित्रांनो, तो दिवा केवढा? हरभऱ्याएवढा. शेजारी हातभर पडदा, आणि त्याच वेळी पडद्यावर मुलीचा फोन आला.

"आई, कुठवर आलीस?"

"चढ लागलाय. किटली पण लागलीय गं."



"मग थांब ना. चहा घे."

"एकटीने? कुणाबरोबर घेऊ?"

मुलीला गाडी चालवता येत नव्हती. तिला वाटलं, आईला बाबांची आठवण येतेय, म्हणून किटलीचं काढतेय. अगदी मऊ होऊन म्हणाली, "नको घेऊस मग. सावकाश ये. मी वाट बघतेय."

फोन बंद झाला. मी अजून पेटलेलाच. बाईंनी एक हात स्टेअरिंगवरून काढला आणि माझ्या काचेवर, बरोबर त्या दिव्यावर, दोन बोटं ठेवली. दार लावून घ्यावं तशी.

"कळलं," त्या म्हणाल्या. "कळलं मला. पण आता नाही थांबायचं."

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या किटलीला थांबल्या नाहीत.

आठ किलोमीटर चाललं ते. इंजिन आधी टकटकलं, मग दळण दळल्यासारखं घरघरलं, मग एक दणका. माझे सगळे दिवे एकदम लागले, स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. बाईंनी दातओठ खाऊन गाडी कडेला आणली. त्यांना खरचटलंही नाही, तेवढं एक बरं झालं.

गॅरेजपर्यंत आम्हाला दोरीने ओढत नेलं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, फडक्यावर पुसली. फडकं कोरडंच.

"ताई, थेंब नाही आत. इंजिन जाम झालंय. दिवा नव्हता का लागला?"

"कुठला दिवा?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "हा काय. ऑइलचा."

"ती किटली आहे," बाई म्हणाल्या. वर्गात चुकलेल्या मुलाला सांगतात ना, अगदी तशा.

मेकॅनिक हसला नाही, हे त्याचे उपकार. हळूच म्हणाला, "ताई, ऑइलचं भांडं आहे हे. हा लागला की जागच्या जागी गाडी बंद करायची असते."

बाई म्हणाल्या, "आणि आमचे हे बॉनेट उघडून काय करायचे मग दर वेळी?"

"ऑइल घालत असणार. दुसरं काय?"

त्याने डिकी उघडली. थर्मास होता, दोन कप होते. त्यांच्यामागे ऑइलचा कॅन होता. अर्धा भरलेला. म्हणजे तेवढा वेळ, त्या आठ किलोमीटरात, औषध आमच्याच पाठीशी होतं.

आणि बाई हसायला लागल्या. सात महिन्यांत हसल्या नव्हत्या त्या. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या, गाडीच्या टपावर थापा मारून हसल्या. "अठरा वर्षं! मी भूगोलाची बाई, आणि मला अठरा वर्षं किटली! लबाड मेला!"

बाया सहज बोलून जातात तो शब्द, मित्रांनो. मेला तो हॉर्न, मेली ती भाजी. बाईंच्याही तोंडात असायचा. या वेळी तो बाहेर पडला आणि गॅरेजमध्ये ऐकू आला. बाईंनी ओठांवर हात ठेवला. मेकॅनिक उगाच पान्हे मोजायला लागला.

बाई येऊन माझ्यासमोर बसल्या. सवयीने किल्ली फिरवली. इंजिन मेलेलं, पण बॅटरी जिवंत होती. पडदा उजळला. 'चष्मेवाला शोधत आहे.'

"शोध," बाई म्हणाल्या. "लवकर शोध. मला भांडायचंय त्यांच्याशी."

गोल फिरत राहिला.

दुरुस्त करायची म्हणजे नवं इंजिनच घालायचं, आणि इतक्या जुन्या गाडीचं मिळतही नव्हतं. भंगारवाल्याने आम्हाला तुकड्या-तुकड्याने विकलं. पडदा मुलीने काढून नेला. तो आता कुठे शोधत असतो, मला ठाऊक नाही. मला एका ड्रायव्हिंग स्कूलने घेतलं. मास्तर बॅटरी जोडतात, एकेक दिवा लावतात आणि नव्या लोकांना विचारतात, "हा कसला?" ऑइलचा लागला की बहुतेक जण खुदकन हसतात. मास्तरही हसतात, आणि मग अर्थ नीट सांगतात. ते 'आणि मग' फार मोलाचं आहे.

तुम्ही अजून लहान आहात, मागच्या सीटवर बसता. बसा, पण मान जरा पुढे काढून माझ्या भावंडांकडे बघत जा. पिवळा दिवा लागला तर मोठ्यांना विचारा. लाल लागला तर ओरडा, खुशाल ओरडा, बोलणी खा, पण गाडी थांबवा.

आणि तुम्ही कुणाला काही थाप मारून ठेवली असेल, तर मी तुम्हाला रागावणार नाही. मी कोण सांगणारा, मीही त्यात होतो. फक्त आज घरी गेलात की त्या माणसाला खरं काय ते सांगून टाका. तो चिडेल, पाठीत धपाटा घालेल, दोन दिवस बोलणार नाही. घालू दे धपाटा. धपाटा घालायला पाठ समोर आहे, तोवरच ते जमतं.