कवड्याचं पान

मुलांचं माहितीचं पुस्तक जिल्हा ग्रंथालयातला वीरभद्रप्पा बाजारातल्या वांग्यासारखं पारखायचा. पाठ दाबायची, कागद चिमटीत धरायचा, शाई अंगठ्यानं पुसून बघायची. तपासणीच्या फॉर्मात 'मजकूर' असाही एक रकाना होता. तो सगळ्यात शेवटी भरायचा, न वाचता: 'मुलांस योग्य.' सोलापुराभोवतालची बावीस वाचनालयं ह्याच शेऱ्यावर पुस्तकं घेत, म्हणून गडी चालताना जरा मागं रेलूनच चाले.

चौऱ्याहत्तरच्या मार्चात त्याच्या कचेरीत सापांच्या पुस्तकावरची धूळ झटकता झटकता झाडूवाल्या रंभाबाईचं फडकं थांबलं.

"आण्णा, ही मन्यार हाय की!"

"खाली कवड्या लिहिलंय. बिनविषारी. तुम्ही कधी वाचायला लागलात?"

"वाचाय येत न्हाय. पर माजी जाऊ हिच्याच डसन्यानं गेली. पट्टं बगा, शेपटीकडं कसं ठसठशीत."

वीरभद्रप्पानं पुस्तक पहिल्यांदाच वाचलं. मजकुरात तेच होतं: मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक. छापताना दोन चित्रांची अदलाबदल झालेली. बावीस वाचनालयांत प्रती गेलेल्या, आणि एक तर जानेवारीतच मंद्रूपच्या शाळेत, थेट पोरांच्या हातात.

सकाळच्या एस.टी.नं तो मंद्रूपला पोचला. कुंडलिक गुरुजींनी पुस्तक आणून दिलं. कवड्याच्या पानावर बोटांचे मळके ठसे होते.

"लई वाचलं पोरांनी. चौथीतल्या चंद्रव्वाला तर पाठच. घरात साप निघाला, तर आईला म्हनाली, मारू नगंस, कवड्या हाय, पुस्तकात चित्र हाय. मायलेकींनी काठीनं भाईर सारला." गुरुजींनी वर्गाचं दार लोटून घेतलं. "त्यो रातच्याला परत आत आला. धाकटा भाऊ जमिनीवर निजलेला. पहाटंच गेला."

वीरभद्रप्पानं पुस्तक मिटलं.

"पोरगी शाळंत येत न्हाय. म्हनती, माजंच वाचायचं चुकलं. तुमी पुस्तकवाले, तिला जरा समजावता का? घर हितंच हाय."

"गाडीची वेळ झालीय," वीरभद्रप्पा म्हणाला. गाडीला अजून तास होता.

संध्याकाळी तो कचेरीत परतला. बावीस वाचनालयांना कळवायला त्यानं कालच पोस्टकार्डं काढून ठेवली होती. पण कार्ड गेलं की पहिला प्रश्न येणार: शेरा कुणाचा? कार्डं खणात गेली. नोंदवहीत त्यानं लिहिलं: 'रद्द. कारण, बांधणी खिळखिळी.'

"आण्णा, बाकीच्या गावांस्नी कळवलं न्हवं?" रंभाबाईनं दारातून विचारलं.

पुस्तक दोन्ही हातांत धरून वीरभद्रप्पा पाठीकडून उलटं मोडत होता. बांधणी काही सुटत नव्हती.