सोळा आणे लाल

“हा लाल आहे का? तुम्हीच सांगा!” बाईंनी ब्लाउजपीस काउंटरवर टाकला आणि शेजारी लेकीच्या लग्नातली लाल साडी उलगडली.

कुमुदिनीने दोन्ही कापडं ट्यूबलाइटखाली धरली. “तंतोतंत आहे, ताई. साडीच्या पोटातनं काढल्यासारखा.”

“दीदी,” गल्ल्यावरचा अनीश हळूच म्हणाला, “ये तो कत्थई है.”

दुकानातल्या चार बायकांनी माना वळवून पाहिलं.

उल्हासनगर कॅम्प एकच्या त्या मॅचिंग सेंटरमध्ये कुमुदिनी बावीस वर्षं कामाला होती. अनीशच्या वडिलांच्या वेळेपासूनची. गिऱ्हाइकाने पिशवीतून साडी पुरती बाहेर काढायच्या आत तिचा हात नेमक्या ताग्यावर पडायचा. डाळिंबी, कुंकवी, राणी, टोमॅटो, गाजरी, विटकरी. एका लालाचीच तिच्याकडे तीस-चाळीस नावं होती. रंगाच्या बाबतीत ती चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

वर्षभरापूर्वी तिचा थायरॉइड वाढला. वजन उतरलं, छाती धडधडायची, हात थरथरायचे. गोळ्यांनी ते आवरलं. पण डोळे मात्र पुढे येत गेले. पापण्या वर ताणलेल्या, झोपेतही पुरत्या मिटत नसत. “अहो, वटारता कशाला?” गिऱ्हाइकं म्हणायची आणि ती हसून घ्यायची. एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा तिने चष्मा बदलून घेतला. दुकानात अंधारल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा अनीशला सांगून दोनदा ट्यूबा बदलायला लावल्या. डोळे अंधारताहेत हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी खरवईच्या घरी तिने नवऱ्याला सांगितलं, “आज मी कत्थई पीस लाल म्हणून दिला.”

बबन अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. भाजीत मीठ नसतं तरी तो काही बोलला नसता. पण हे ऐकून त्याचा घास हातातच राहिला. “उद्या मी खाडा करतो,” तो म्हणाला. “डॉक्टरकडे जाऊ.”

अंबरनाथच्या डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण काढलं.

“उजवा डोळा झाका. डाव्याने जे दिसतंय ते सोळा आणे लाल धरा. आमचे सर असंच विचारायचे. आता डावा झाका. उजव्याने किती आणे लाल दिसतंय?”

कुमुदिनीने वेळ घेतला. मग म्हणाली, “चार. आणि खरं सांगू, मॅडम? डाव्यालाही हा सोळा आणे नाही. दहा असेल.”

डॉक्टरांनी झाकण खाली ठेवलं. “हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी समजावलं. थायरॉइडच्या आजारात डोळ्यामागचे स्नायू सुजतात. डोळा हाडाच्या खोबणीत असतो. तिथे जास्तीची जागा नसते. सुजलेले स्नायू दृष्टीच्या नसेला आवळतात. आधी रंग जातात, मग नजर. “आजच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जा. मी चिठ्ठी देते. उद्यावर टाकू नका.”

तिथे तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइडचं औषध गेलं. डावा डोळा थोडा उजळला. उजवा मात्र बुडतच चालला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी समोर धरलेली बोटं तिला मोजता येईनात.

“उजव्या खोबणीची आतली भिंत काढावी लागेल,” सर्जन म्हणाले. “नाकातून जाऊ. चेहऱ्यावर टाका नाही.”

बबनचा चेहरा पडला. “हाड काढायचं? मग डोळा आत नाही ना जाणार?”

“थोडा जाईल, आणि ते बरंच. ती भिंत कागदासारखी पातळ असते. ती काढली की स्नायूंना पसरायला जागा होते, नसेवरचा दाब उतरतो.”

“नजर येईल?”

“येते. किती, ते वचन देत नाही.”

बबनने बायकोकडे पाहिलं. तिने हात पुढे केला. “कागद द्या. सहीची रेघ दिसतेय तोवर करते.”

रात्रभर तिला त्या भिंतीचं नवल वाटत होतं. कागदाएवढी भिंत, आणि आजवर पाहिलेलं सगळं जग तिच्यापायी अडलेलं!

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यापुढे नुसती राख होती. मग खिडकीची चौकट उमटली. डब्यातलं वरण पिवळं झालं, पडदा निळा झाला. तिने बबनला काही सांगितलं नाही. बोललं तर जाईल, अशी भीती वाटत होती.

तिसऱ्या सकाळी सिस्टर साखर तपासायला आल्या. स्टिरॉइडमुळे रोजच बोट टोचत. त्यांनी तिचं बोट दाबलं, थेंब तपासणीच्या पट्टीला लावला आणि कापूस उचलला.

“थांबा!” कुमुदिनी ओरडली. “पुसू नका!”

“दुखलं का?”

तिने डावा डोळा तळव्याने झाकला. बोटाच्या टोकावर उरलेला थेंब फुगत होता, खिडकीतला उजेड पोटात धरून. लाल. बावीस वर्षांत हजारो लाल तिच्या हाताखालून गेले होते, पण या लालाला दुकानात नाव नव्हतं. तो ताग्यावरचा रंग नव्हता, तिच्या आतून आलेला होता. इतके दिवस ती अंधारात चाचपडत होती, तेव्हाही तो आत असाच लाल वाहत होता.

थेंब ओघळून तळहातावर आला. सिस्टर कापूस धरून उभ्याच राहिल्या. बबन पुढे सरकला. “काय झालं गं?”

“अहो, बघा ना,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “केवढा लाल आहे!”

त्याने बघितलं. जन्मात पहिल्यांदाच रक्त पाहावं तसं बघितलं.

उजवा डोळा पुढे बारा आण्यांवर थांबला, डावा जवळपास सोळांवर परतला. डोळे अजून थोडे पुढेच होते, आणि वर किंवा कडेला पाहिलं की एकाचे दोन दिसायचे. फळीवरचे तागे आता अनीश काढून द्यायचा. ती दुकानात परतली त्या आठवड्यात कौसाबाई नावाची एक म्हातारी आली. हातात पांढरी साडी.

“आमचं मालक वारलं, त्यांचं पुण्यानुमोदन हाय परवा. पांढरा बिलाउज दे कोनता बी. पांढऱ्यात कसलं आलंय मॅचिंग?”

“असतं, मावशी.”

कुमुदिनीने सहा पांढरे तुकडे घेतले आणि म्हातारीला दुकानाबाहेर उजेडात आणलं. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. तिने उजवा डोळा झाकला, साडीच्या पदरावर एकेक तुकडा ठेवला, उचलला. हा दुधी. हा मोगऱ्याचा. ह्यात निळं आहे. हा शिंपल्याचा.

“मला समदे सारखेच दिसत्यात, बाई,” कौसाबाई म्हणाली.

“दिसू देत. मी बघते ना.”

आणि ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली, सावकाश, एकेक पांढरा.