बुधवारचा डेरा

सकाळचे साडेसहा, गेला बुधवार. राहीबाईने माझ्यावरची सहा मडकी एकेक करून खाली उतरवली, माझ्या तोंडावरची झाकणी काढली आणि आत हात घातला. हात कोपरापर्यंत आला तरी कशालाच लागला नाही. मग ती खाली वाकली. खांद्यापर्यंत हात घातल्यावर तिच्या बोटांना तळाशी थोडा जोंधळा लागला. माझ्यात आठ मापटी असायला हवी होती.

मित्रांनो, मी एक जुना डेरा आहे. कडेगावच्या अलीकडे एका गावात, आप्पासोंच्या स्वयंपाकघरात, उतरंडीच्या तळाला माझी जागा आहे. एकावर एक रचलेल्या मडक्यांना उतरंड म्हणतात. सर्वांत लहान मडके वर, सर्वांत मोठे खाली. माझा जन्म मलकापूरचा. धुळा कुंभाराने मला अर्धे चाकावर घडवले आणि उरलेले लाकडी फळीने थोपटून वाढवले. भट्टीतून काढल्यावर त्याने टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "ह्यो तळाला बसायचा." तेव्हापासून मी तळालाच आहे.

आमच्या घरी नऊ तोंडे. आप्पासो आणि त्यांची बायको शालूबाई, थोरला मुलगा सयाजी, त्याची बायको राहीबाई, त्यांची चार मुले आणि धाकटी सून अंजना. अंजनाचा नवरा नाथाजी वैशाखात पलटणीत भरती झाला. अंजना सतरा वर्षांची, जतकडची. तिकडे पाऊस कमी आणि मेंढरे फार.

हे १९४३ साल आहे. जोंधळा सरकारी दुकानातून माणशी मोजून मिळतो, तोही फक्त गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. आमच्या घराला आठवड्याची चाळीस मापटी. मापटे म्हणजे अर्धा शेर. ही चाळीस मापटी नऊ माणसांना पुढच्या गुरुवारपर्यंत पुरवायची आणि त्याबरोबर रोज काय शिजेल तेही ठरवायचे. हे काम राहीबाई करते. तिला अक्षर येत नाही. पण गुरुवारी दिवेलागणीला ती आमच्यासमोर मापटे घेऊन बसते तेव्हा मला माझ्या मातीसकट गप्प व्हावेसे वाटते.

तिची रीत अशी. सर्वांत वरचे लहान मडके गुरुवार रात्रीचे, त्यात तीन मापटी. त्याखाली शुक्रवार आणि शनिवार, पाच-पाच. कारण बाजारातली मेथी, गवार, वांगी तेव्हा घरात असतात आणि कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण, भरपूर असले की भाकरी कमी लागते. रविवार आणि सोमवार सहा-सहा, तेव्हा डाळ आणि हुलगे. मंगळवारी सात, तेव्हा नुसते पिठले. आणि बुधवारी घरात मिरचीच्या ठेच्याशिवाय काही नसते. बुधवार म्हणजे कोरडी भाकरी. शिवाय गुरुवारची न्याहारीही त्यातूनच. म्हणून तळाच्या डेऱ्यात, माझ्यात, आठ मापटी. गेल्या दोन पावसाळ्यांत हा हिशेब एकदाही चुकला नव्हता. ती बोटे मोजत नाही, ओठ हलवत नाही. मापटे भरते आणि ओतते. सातही मडकी भरून झाली की पोत्यात एक दाणा उरत नाही.

त्या आठवड्यात मात्र राहीबाई हिवतापाने पडली आणि मडकी पहिल्यांदाच अंजनाच्या हाती आली. बाजार केला अंजनाने, मडकी भरली अंजनाने, दळण दळले अंजनाने, भाकऱ्याही तिनेच केल्या.

"काय गं, हाय का काय आत?" शालूबाईने दारातून विचारले.

राहीबाईने तळाचा जोंधळा मापट्यात काढला. मापटे अर्ध्याच्या थोडे वर भरले.

शालूबाईने कपाळाला हात लावला. "आठ मापटी जोंधळा काय पायानं चालत गेला जतला? तरी म्हणलं, सिद्धू ऐतवारी उगं आला न्हवता."

सिद्धू हा अंजनाचा भाऊ. रविवारी तो बहिणीला भेटून गेला होता.

"आई, त्यो घोंगडं द्याया आलता," सयाजी म्हणाला.

"येताना घोंगडं व्हतं. जाताना त्यात काय व्हतं?"

"घोंगडं हितंच ठिवून गेलाय की गं. मी त्यावरच झोपतुया."

"मग पोतं आनलं आसंल! तू तर झोपलेलाच आसतुयास!"

अंजना चुलीपाशी उभी होती. ती वाकली आणि तिने चुलीतले लाकूड आत सारले. मित्रांनो, मला सारे माहीत होते आणि मला तोंडही आहे, पण मातीच्या तोंडाला शब्द नसतात. त्या दिवशी याचे जितके वाईट वाटले तितके कधी वाटले नव्हते.

आप्पासो म्हणाले, "बियाचा जोंधळा हाय की कणगीत. त्यातला काढा."

"मामंजी, पेरणी पंधरा दिसांवर आलीया," राहीबाई म्हणाली. "त्याला हात न्हाई लावायचा. आजचा दिस मी काढते."

"काढ," शालूबाई म्हणाली. "पर उद्या बाजाराच्या गाडीत हिला बसवा. बाजारात जतचं कोन तरी भेटंलच. धाडा म्हायारी."

शालूबाई बोलली म्हणजे ते व्हायचेच, हे घरात सर्वांना माहीत होते. नाथाजी शेकडो कोस दूर होता. एकदा परत पाठवलेल्या मुलीला पुन्हा कधी बोलावणे येईल हे कुणालाच सांगता आले नसते.

राहीबाई मापट्यातल्या जोंधळ्याकडे बघत होती. तिने त्यात आपली मूठ भरून पाहिली. चार मुठी आणि वर थोडे दाणे. मग ती म्हणाली, "अंजे, हिकडं ये. भर तुजी मूठ."

अंजनाने भरली. लहान हात तिचा. बरोबर सहा मुठी झाल्या.

"सा दिस, सा मुठी," राहीबाई म्हणाली. "तू टाकल्यास ह्या. कशापायी?"

"आक्का, मुठीचं बोलायचं न्हाई. बोललं की आटतीया."

"आटायला आता ऱ्हायलंय काय? बोल."

मग अंजना बोलली. तिच्या माहेरी बाजाराच्या आदल्या दिवसाचे मडके कुणी भरत नाही. सगळे धान्य सहाच मडक्यांत वाटतात. रोज दळायला बसण्याआधी घरातली प्रत्येक बाई त्या दिवसाच्या धान्यातली एक मूठ काढते आणि तळाच्या मडक्यात टाकते. टाकताना तोंड फिरवायचे. कुणी किती टाकले ते बघायचे नाही, विचारायचे नाही, आणि या मुठीबद्दल अवाक्षर काढायचे नाही. सातव्या दिवशी झाकणी निघते आणि घर जेवते.

"किती बाया तुमच्यात?" राहीबाईने विचारले.

"सात."

"आनि हितं?"

अंजनाने आजूबाजूला पाहिले. तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुमीबी टाकतासा."

"मी तापात. आत्याबाईंच्या गावीबी न्हाई. ह्या सा दिसात भाकरी मोठी व्हतीया, काकीचा हात सढळ हाय म्हनून पोरं नाचत व्हती. तवाच मला कळाया पायजे हुतं." राहीबाई सासूकडे वळली. "आत्याबाई, जोंधळा जतला न्हाई गेला. आपल्याच पोटात गेलाय."

"गोड बोलनं हाय समदं," शालूबाई म्हणाली.

त्या दिवशी राहीबाईने त्या सहा मुठी जात्यावर भरडल्या आणि ताक घालून पातळ कण्या शिजवल्या. पोरांना बांधावर धाडून तांदुळजा आणि पाथरीची रानभाजी आणवली. गाडग्याच्या बुडाला राहिलेले ओंजळभर हुलगे भाजून, दळून त्यांचे माडगे केले. ताटे मांडताना तिने कुणाला काय द्यायचे हे एकदाही थांबून ठरवले नाही. नऊ माणसे जेवली. पोट भरले असे कुणी म्हणाले नाही, पण उपाशीही कुणी राहिले नाही. मी इतकी वर्षे धान्य पोटात घेऊन बसलो आहे. पाऊण मापट्याहून कमी जोंधळ्यात एक अख्खा दिवस मावतो, हे मी पहिल्यांदा पाहिले.

जेवणे झाल्यावर राहीबाई सासूसमोर बसली. "आत्याबाई, आठ दिस द्या. ह्या गुरवारी तिच्याच रीतीनं भरू. पुढच्या बुधवारी डेऱ्यात पाच मापटी निघाली, तर पोरगी खरं बोलली. तेवढ्यात बुधवार तरतोय."

"आनि न्हाई निघाली तर?"

राहीबाईने अंजनाकडे पाहिले. अंजनाने मान डोलावली.

"तर गुरवारच्या गाडीत," राहीबाई म्हणाली.

"आपल्यात बाया तीन. सात कुठनं आनतीस?"

"बाया तीन, पर हात नऊ हायत."

गुरुवारी संध्याकाळी सहा मडकी भरली आणि मी रिकामा राहिलो. राहीबाईने मला उतरंडीखालून काढले आणि जात्याच्या बाजूला, सर्वांचा हात पोहोचेल असा ठेवला. त्या रात्रीपासून मी जे अनुभवले ते सांगायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

माझ्यात आजवर फक्त मापटे उतरत असे. आता हात उतरू लागले. राहीबाईचा हात तापाने अजून कढत होता. अंजनाची मूठ आवाज न करता सुटायची. सयाजी पहिल्या दिवशी "बाप्यानं मडक्यात हात घालायचा व्हय?" म्हणून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला; त्याच्या मुठीत बैलाच्या शिंगाला लावायच्या तेलाचा वास होता. आप्पासोंचा हात कापतो. त्यांचे निम्मे दाणे काठावर पडत, ते एकेक करून वेचत आणि पुन्हा टाकत, आणि हे सगळे तोंड फिरवून. सर्वांत धाकट्या मुलाने तर तोंड इतके फिरवले की मूठ माझ्या बाहेरच सुटली आणि कोंबडीने दाणे टिपले.

"आक्का, ह्याची वाया गेली," अंजना म्हणाली.

"जाऊ दे. तोंड फिरवलं न्हवं त्यानं? बास."

याखेरीज मुठीबद्दल घरात कुणी बोलले नाही. भाकऱ्या पुन्हा लहान झाल्या, पण मुलांनी तक्रार केली नाही. नऊ जणांच्या घरात रोज ताटातले थोडे कमी होत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हते. भट्टीत मी आग पाहिली आहे. तीही इतकी मोठी वाटली नव्हती.

रोज आठ हात येत. नववा येत नसे. शालूबाई दळणाच्या वेळी गोठ्यात जाई आणि जाते थांबल्यावर परत येई. अंजनाचे माहेरी जायचे गाठोडे गेल्या बुधवारपासून बांधून खुंटीला अडकवलेले होते. ते सोड असे शालूबाई म्हणाली नाही आणि अंजनानेही सोडले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना डेरा असेल तर त्याला दोन्ही हातांनी उचला, काठाला धरून ओढू नका; माती काठालाच आधी तडकते. आणि तो रिकामा दिसला तर कुणावर बोट रोखण्याआधी तळाशी हात घालून पाहा. तिथे जे थोडे असेल ते कुणीतरी आपल्या ताटातून काढून टाकलेले असू शकते. माझी एवढीच विनंती आहे.

आज मंगळवार. पहाटे आठही हात येऊन गेले आणि राहीबाई व अंजना दळायला बसण्याआधी पाण्याला गेल्या. सहाच्या सुमारास झाकणी पुन्हा उघडली. आत आलेला हात या आठांपैकी कुणाचाही नव्हता. त्यात धान्य नव्हते. बोटे सरळ होती. ती जोंधळ्यात शिरली, थेट तळाला टेकली, तिथे थोडा वेळ थांबली आणि धान्य किती वर आले आहे ते चाचपत हळूहळू बाहेर गेली. झाकणी लागली. मग मंगळवारच्या मडक्याचा आवाज झाला. झाकणी दुसऱ्यांदा उघडली आणि एक मूठ पडली. मोठी होती. तोंड फिरवले होते की नाही ते मला दिसले नाही.

अंगणात सयाजी गाडीच्या चाकाला वंगण देत होता. शालूबाईचा आवाज आला.

"गाडी कशाला रं काढलीस?"

"गुरवारी बाजार न्हाई व्हय? आनि तू म्हनलीस तसं..."

"बाजाराला जायचीच हाय गाडी. बाकीचं उद्या बघू."

आता साडेसहा झाले आहेत. माझ्यात पाच मापट्यांच्या आसपास जोंधळा आहे. नेमका किती, ते उद्या मापटे लावल्यावर कळेल. गाठोडे अजून खुंटीलाच आहे.