बुधवारची सतरंजी

मी चिंध्यांची सतरंजी बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, पडल्या पडल्या सांगतेय. पाय पडून पडून अंग बधिर झालंय. मला फारसं काही वाटत नाही.

नवरा गेला तेव्हा हिल्काने त्याच्या शर्टांच्या पट्ट्या फाडल्या आणि मागावर मला विणलं. ती रडली नाही, मीही नाही. काही उन्हाळे तिने मला तळ्याच्या धक्क्यावर घासून धुतलं, मग गावच्या वाचनालयाला देऊन टाकलं.

तिथे मुली पुस्तकं नेत. मुलगे दारात बर्फ झटकत आणि हॉकी खेळायला पळत. म्हणून वाचनालयाने बुधवार ठरवला: माझ्यावर बसून वाचायला एक मुलगा, पंधरा मिनिटं, आणि ऐकायला हिल्काचा कुत्रा तुइस्कू. कुत्रा हसत नाही, चुका काढत नाही. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानेही तोंड मिटून बसायचं, असा नियम. हिल्का पाठ फिरवून मोजे विणायची.

चौथीतला एली वाचताना अडखळायचा. वर्गात पोरं हसली, तेव्हापासून त्याने माणसांसमोर वाचणंच सोडलं. तुइस्कूसमोर मात्र वाचायचा. "ऐकावं तर ह्याने! जरासुद्धा हलत नाही," असं सगळे कौतुकाने म्हणत.

परवा कपाटावरून नकाशांचं जाडजूड पुस्तक धाडकन पडलं. तुइस्कू ढिम्म. एलीने त्याच्या कानाशी टाळी वाजवली. काही नाही.

"हिल्का, ह्याला ऐकू येत नाही."

"गेल्या हिवाळ्यापासून."

"म्हणजे मी काय भिंतीला वाचत होतो?"

"मला."

"तू तर विणत होतीस!"

"कसलं विणणं! हा मोजा बघ. टाच करायचीच राहिली."

एली हसला नाही. त्याने पुस्तक मिटलं, बूट चढवले. आता गेला तर पुन्हा वाचायचा नाही, हे हिल्कालाही कळत होतं.

"गोष्टीतली ती होडी किनाऱ्याला लागली का, तेवढं सांगून जा," ती म्हणाली. "आठवडाभर जीव टांगणीला लागलाय माझा."

एली दारातून मागे वळला. "मला तरी कुठे माहितीये? वाचावं लागेल."

तो बुटांसकट माझ्यावर बसला. बर्फाचं पाणी माझ्यात मुरलं. गार वाटलं. कितीतरी वर्षांनी मला काहीतरी वाटलं.

तुइस्कू घोरत होता. तिसऱ्याच ओळीत एली अडला. हिल्काने ओठ घट्ट मिटून घेतले. एलीने पुस्तक तिच्याकडे वळवलं.

"नियम राहू दे गं. हा शब्द काय आहे, सांग ना."