काकांच्या कानातली टकटक

"ह्यांच्या कानात घड्याळ घालू नकोस," काकूंनी मला बजावलं होतं. "ह्यांना कशाचीही सवय लागते आणि लागली की सुटत नाही. माझंच बघ ना."

मी तेव्हा मुलीच्या तोंडातून बटण काढत होते. त्या दिवसांत माझ्या डोक्यात काळज्यांची लांबलचक रांग होती. बटणं, प्लगची भोकं, टेबलाचे कोपरे, झोपेतला श्वास. एका म्हाताऱ्या ड्रमवाल्याच्या कानाला त्या रांगेत जागा नव्हती. "काहीतरीच काय काकू," म्हटलं आणि बटण धुऊन डबीत टाकलं.

काका माझे सख्खे काका नव्हेत. वडिलांच्या जॅझ बँडमध्ये ते ड्रम वाजवायचे. वडील गेले तेव्हा पियानोबरोबर काकाही माझ्याकडे वाजवायला आले. त्यांची ख्याती ही, की ते ठेक्याच्या किंचित मागे वाजवतात. चुकून नाही. सगळे निघून गेल्यावर सावकाश चपला घालून निघणारा माणूस असतो ना, आणि तरी वेळेवर पोचतो, तसे. लहानपणी मात्रा मोजताना पहिलीच सापडेना तेव्हा मी विचारलं होतं, "काका, यात 'एक' कुठे आहे?" तर म्हणाले, "एक शोधायचा नसतो पोरी. आपण बसू तिथे एक."

आता अल्बमचं सांगते. बाळंतपणानंतर मी जॅझ ऐकलंच नव्हतं. आमच्या बाईसाहेब, म्हणजे लेक, रेडिओवर पॉप गाणी लागल्याशिवाय जेवत नसत, आणि त्यातही फक्त ध्रुवपदाला तोंड उघडत. कडव्याला ओठ घट्ट. चमचा हवेत धरून ध्रुवपदाची वाट बघता बघता माझ्या लक्षात आलं, की चारच कॉर्डवर उभी असली तरी या गाण्यांचा पाया पक्का आहे. वर आपला मजला चढवता येईल. तशा जॅझच्या चिजा मी बांधल्या. शेवटची मात्र वडिलांची ठेवली. संथ, साधी, कधीच रेकॉर्ड न झालेली. खरं तर तेवढी एक व्हावी म्हणूनच बाकीचा खटाटोप.

स्टुडिओ म्हणजे गाद्यांचं जुनं गोदाम. न खपलेल्या गाद्या अजून भिंतींना टांगलेल्या होत्या. आवाज घुमत नाही म्हणे. साउंडवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पॉपचं अंग हवं असेल तर क्लिक लागेल." क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये सतत वाजणारी टकटक. तिला धरून सगळ्यांनी वाजवायचं, इकडे नाही की तिकडे नाही.

"माझ्या कानात कोण बोलणार?" काका म्हणाले. "इतकी वर्षं तिथे फक्त काकू बोलते."

"ही काकूंपेक्षा कमी बोलते. आणि एकाच विषयावर."

"मग काकूच."

आमचा बेसवाला उंच आणि अबोल, म्हणून त्याला आम्ही खांब म्हणतो. तो हसला आणि टेक फुकट गेला.

पहिल्या दिवशी काका टकटकीवर रागावले. "ही माझ्यासाठी थांबत का नाही?" दुसऱ्या दिवशी तेच मागे थांबेनासे झाले. तिसरी चीज संपली तेव्हा साउंडवाला काचेआडून ओरडला, "काका, मशीन आहात मशीन!" काका चक्क लाजले.

मी त्यांचा उजवा खांदा बघत होते. झांजेवर काठी पडण्याआधी तो नेहमी जरासा वर जायचा. काहीतरी बोलावं की बोलू नये, असं मनात आल्यासारखा. तो आता हलत नव्हता. मला वाटलं, वय झालं. मी मलम आणून दिलं.

घरी बाईसाहेबांना कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रत्येक ध्रुवपदाला आ वासला आणि वाटी चाटूनपुसून रिकामी झाली. अल्बम पास.

शेवटच्या दिवशी वडिलांची चीज. क्लिक बंद. काकांनी काठ्या उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

"घ्या काका."

"हो. पण एक कुठे आहे?"

खांबाला वाटलं विनोद आहे. मलाही वाटलं.

"तुम्ही बसाल तिथे," मी म्हणाले.

"मी बसलोच आहे," काका म्हणाले.

ते हसत नव्हते. बंद पडलेल्या फोनकडे बघावं तसे हेडफोनकडे बघत होते. आम्ही वाट बघितली, पाणी प्यायलो, पुन्हा वाट बघितली. शेवटी त्यांनी साउंडवाल्याकडे टकटकीची डबी मागितली. "घरी नेतो. जरा हिच्याशी बोलून बघतो."

काकू लेकीच्या बाळंतपणाला दूर गेल्यात. त्यांचा फोन आला. "हे फोन उचलत नाहीत. मी काय सांगितलं होतं?"

"घड्याळ नको."

"मग?"

"घड्याळ नव्हतं काकू. टकटक होती."

"उलट उत्तरं देऊ नकोस. जाऊन बघ."

जाणार कशी? बाईसाहेबांना कांजिण्या, नवऱ्यालाही कांजिण्या, आणि काकांना त्या कधी आलेल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्या बाजूला फिरकू नका. मी खांबाला पाठवलं. तो परत आला आणि आमच्या दाराबाहेर उभा राहून आयुष्यभरात बोलला नसेल इतकं बोलला.

"मस्त झालं. मी बेल दाबली, टिंग टिंग टिंग टिंग. आतून काकांनी लगेच ठेका धरला. बराच वेळ वाजवलं आम्ही."

"दार उघडलं का?"

"दार नाही उघडलं."

"मग तू आलास कसा?"

"शेवट झाला ना."

तो आता दौऱ्यावर गेलाय. साउंडवाल्याला पाठवून उपयोग नाही. तो खांबापेक्षा बिनचूक बेल वाजवेल.

म्हणून तुम्हाला विचारते. खाली औषधाचं दुकान, वर हिरवं दार, दाराशी कुंडी आणि कुंडीखाली ताटली म्हणून ठेवलेली एक तडकलेली झांज. त्या बाजूने जात असाल तर वर जा. आतून अगदी बिनचूक ड्रम ऐकू आले, तर काका जेवलेले नाहीत असं समजा. बेल दाबा, पण ठेक्यात नको. त्यांना साथच वाटेल. आडवीतिडवी दाबा, मधेच थांबा, चुकून हात लागल्यासारखी दाबा. तुम्हाला ताल नसेल तर फारच बरं. काही खायला न्या आणि त्यांचा उजवा खांदा हलतो का तेवढं बघा.

आणि दार उघडायला त्यांना जरा उशीर झाला, तर कंटाळून परत फिरू नका. उशीर झाला तर चांगलंच आहे.